परदेशात राहून गावच्या लढ्यात काय करता येतं?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. मूळ गाव राजापूर तालुक्यातलं, खाडीकाठचं. अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन बरीच वर्षं झाली, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) आहे. गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, मोठा उद्योग येणार अशी बोलवा आहे, जमिनीचे दलाल फिरू लागलेत आणि गावात दोन तट पडलेत. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळातल्या काही कुटुंबांना गावासाठी उभं राहायचं आहे. ऑनलाइन सह्या गोळा करायच्या, वकिलातीसमोर निदर्शनं करायची आणि गावच्या समितीला पैसे पाठवायचे, असे त्यांचे तीन बेत आहेत. याने काही फरक पडतो का आणि यात आपण कायद्याने कुठे अडकू शकतो, हे त्यांना हवं आहे.

फरक पडतो. मात्र तुमच्या तीन बेतांपैकी पहिले दोन फार कमी कामाचे आहेत आणि तिसरा धोक्याचा आहे. पर्यावरण मंजुरीच्या कागदपत्रांवर मी गावांबरोबर आणि परदेशातल्या गटांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. प्रकल्प हवा की नको, हे ठरवायचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा. तुमचं बळ दोनच ठिकाणी आहे: सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर तिथे, आणि तुम्ही जिथे मत देता, कर भरता, पेन्शन फंडात पैसे ठेवता त्या देशात. बाकी सगळं या दोन्हींच्या मागून येतं.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. बहुतेक कोकणी घरांत आजोबांच्या नावावरची जमीन तशीच पडून असते. वारसनोंद झालेली नसते, किंवा झाली असली तरी सामाईक खात्यात पंधरा नावं असतात आणि त्यातली निम्मी मुंबईत, दुबईत, नाहीतर एडिसनमध्ये. महाराष्ट्रात औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन बऱ्याचदा १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली घेतली जाते. त्यातल्या कलम ३२(२) खाली जमीनमालकाला नोटीस देऊन म्हणणं मागवावं लागतं. घर बंद असेल तर ती नोटीस दारावर चिकटवली जाते, मुदत निघून जाते आणि कागदोपत्री तुमची काहीच हरकत नव्हती असं होतं. म्हणून आधी महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा आणि फेरफार बघा, वारसनोंद राहिली असेल तर ती करून घ्या. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. गावातल्या विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र द्या. ते अमेरिकेतच नोटरी आणि अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरा. मुखत्यारपत्रात फक्त नोटिसा घेण्याचा आणि हरकती दाखल करण्याचा अधिकार द्या. विकण्याचा देऊ नका. दलाल नेमकं तेच शोधत असतात. नाणारमध्ये रिफायनरीसाठी २०१७ च्या मे महिन्यात औद्योगिक क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली. त्या दोन वर्षांत बाहेरच्यांनी आधीच घेऊन ठेवलेल्या जमिनींचा विषय किती तापला होता, ते तुम्हाला आठवत असेल. ज्या खातेदाराने वेळेत लेखी हरकत नोंदवली त्याला सरकारी फायलीत जागा मिळते. सह्यांच्या मोहिमेला ती जागा नसते.

आता ज्या कामात परदेशातला सुशिक्षित माणूस खरोखर उपयोगी पडतो ते सांगते, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो, आणि त्याचा सारांश मराठीत द्यावा लागतो. सुनावणीला हजर असलेल्याला बोलता येतं. जे हजर नाहीत पण ज्यांचा संबंध आहे, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी म्हणणं पाठवू शकतात. ते इतिवृत्ताला जोडलं जातं आणि तज्ज्ञ समितीपुढे जातं. पुढे कोणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेलं, तर ‘हा मुद्दा तेव्हाच मांडला होता’ असं दाखवायला तोच कागद लागतो.

या तीस दिवसांत गावातल्या माणसाला काही शे पानांचा इंग्रजी अहवाल वाचायचा असतो, आणि बहुधा भातकापणी नाहीतर आंब्याचा हंगाम चालू असतो. ते वाचन तुम्ही करा. मंडळात रसायन अभियंते असतील, सांख्यिकी जाणणारे असतील, त्यांना प्रकरणं वाटून द्या.

काय शोधायचं ते एका उदाहरणाने दाखवते. कोकणातल्या अहवालांत असं वाक्य हमखास सापडतं की प्रकल्पक्षेत्र खडकाळ आणि पडीक आहे, तिथे उल्लेखनीय वनस्पती किंवा जलप्रवाह नाहीत. ते वाचलं की लगेच पाहणीच्या तारखा बघा. नियमाप्रमाणे बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एकाच हंगामाची पायाभूत माहिती चालते, त्यामुळे पाहणी मार्च ते मे अशी झालेली असते. मे महिन्यात सडा काळाठिक्कर दिसणारच. जुलैत त्याच कातळावर दीपकाडी उभी असते, गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात, आणि मे महिन्यात जिथे वाट होती तिथून गुडघाभर पाण्याचा वहाळ धावत असतो. खालच्या वाडीच्या विहिरींना सड्यात मुरलेलं हेच पाणी मिळतं. तुमच्या हरकतीत लिहायचं ते एवढंच: अमुक पानावर असं म्हटलं आहे, पाहणी अमुक महिन्यांतली आहे, सोबत त्याच गट नंबरचे जुलै-ऑगस्टमधले तारखेसहित फोटो आणि खालच्या विहिरींची यादी जोडली आहे, पावसाळी पाहणी झाल्याशिवाय हा निष्कर्ष टिकत नाही. असा पाच ओळींचा परिच्छेद हजारो सह्यांपेक्षा जड असतो. त्याला उत्तर द्यावं लागतं.

मासेमारीच्या प्रकरणातही असंच बघा. होड्यांची संख्या दिलेली असते, सोसायटीचे सभासद मोजलेले असतात. ओहोटीला खाडीत उतरून मुळे, तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायका कुठेच नसतात, कारण त्यांच्याकडे ना होडी ना परवाना. तुमच्या आईला किंवा काकूला फोन करून विचारा, कोणकोणत्या घरातल्या जातात, कोणत्या जागी जातात, कुठल्या बाजाराला विकतात. ती माहिती त्या बायकांच्याच नावाने आणि त्यांच्या संमतीने सुनावणीत जायला हवी. कातळशिल्पांचंही तसंच. कशेळीचा प्रचंड हत्ती आणि बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या सड्यावरची खोदचित्रं गुराख्यांना माहीत असतील आणि अहवालात नसतील, तर ती नोंदवण्याची वेळ सुनावणीच्या आधीची आहे.

आता तुमच्या देशातलं काम. प्रकल्पाचा पैसा कुठून येतो, यंत्रं कोण देतं, तंत्रज्ञान कोणाचं, भागभांडवल कोणत्या शेअर बाजारात, कर्जाला हमी कोणत्या सरकारची? यातला एखादा धागा तुमच्या देशातून जात असेल तर तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे.

महाराष्ट्राने हे दोनदा जवळून पाहिलं. १९८५ मध्ये जागतिक बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बुडणाऱ्या गावांत आपल्या अक्कलकुव्यातलं मणिबेली पहिल्या रांगेत. ऑक्टोबर १९८९ मध्ये मेधा पाटकर, पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय परांजपे आणि गुजरातचे वकील गिरीश पटेल यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. बँकेला अमेरिकी करदात्याचा पैसा जातो, म्हणून तिथल्या लोकप्रतिनिधींना बँकेला जाब विचारता येत होता. पुढे बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली, जून १९९२ मध्ये मोर्स आयोगाचा कडक अहवाल आला, मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडलं आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकणारं निरीक्षण मंडळ स्थापलं. धरण मात्र थांबलं नाही, २०१७ पर्यंत ते पूर्ण उंचीला गेलं. पैसा अडवला म्हणजे प्रकल्प अडला असं नाही, ही कडू गोष्ट आधीच माहीत असू द्या. पण आज जगात कुठल्याही देशातल्या प्रकल्पग्रस्ताला बँकेच्या दारात तक्रार घेऊन जाता येतं, त्याचं मूळ नर्मदेच्या काठी आहे, आणि ही मोठी कमाई आहे.

दुसरं एन्रॉन, या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प. त्याचा करार डिसेंबर १९९३ चा. १९९७ मध्ये वेलदूर आणि आसपासच्या गावांत पोलिसांनी केलेली धरपकड, त्यात कोळणीही होत्या, हे सगळं मानवी हक्क संघटनांनी, ॲम्नेस्टीने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये, नोंदवलं. प्रकल्पाला अमेरिकी सरकारच्या वित्तसंस्थांचा आधार होता, म्हणून तो अहवाल वॉशिंग्टनमध्ये वाचला गेला. तरी पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झालाच. २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणं थांबवलं ते दरामुळे. तो दर कसा डोईजड आहे, हे पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने कराराचं गणित मांडून आधीच दाखवलं होतं. यातून मी एक गोष्ट घेतली: मानवी हक्क, कारभार आणि पर्यावरण हे तीन वेगळे विषय नाहीत. ज्या कराराची कागदपत्रं लपवली जातात, त्याच प्रकल्पावर लाठी चालते आणि त्याच्याच सांडपाण्याची माहिती मिळत नाही. कुणाला मानवी हक्कांचा मुद्दा मोठा वाटेल, मी मात्र नव्या गटाला आधी करार मागायला सांगते.

लंडनचा धागा वेदान्ता या खाणकंपनीचा होता. ओडिशातल्या नियमगिरीवर डोंगरिया कोंध आदिवासींच्या डोंगरात बॉक्साइटची खाण काढायची होती, आणि कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात होते. ब्रिटिश सरकारच्या ज्या कार्यालयात बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्ध ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली तक्रार करता येते, तिथे सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या आदिवासी हक्क संघटनेने तक्रार केली आणि सप्टेंबर २००९ मध्ये निकाल कंपनीविरुद्ध गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपले शेअर विकले. लंडनमधल्या भारतीयांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वार्षिक सभांच्या दाराशी आणि आत जाऊन प्रश्न विचारले. पण निर्णय झाला तो तिथे नव्हे. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा म्हटलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. बाहेरच्या दबावाने वेळ मिळवून दिला, उत्तर गावाने दिलं. मला माहीत असलेल्या उदाहरणांत कामाची सर्वात चांगली वाटणी इथे झाली.

भारत ओईसीडीच्या त्या तत्त्वांना बांधील नाही, पण अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, जपान आहेत. म्हणून तुमच्या प्रकल्पात तिथली कंपनी असेल तर तक्रार तिथेच करता येते. जागतिक बँकेच्या निरीक्षण मंडळाकडे तक्रार करायला किमान दोन बाधित माणसं लागतात. तुम्ही स्वतः तक्रारदार होऊ शकत नाही, मसुदा, भाषांतर, पाठपुरावा करू शकता. न्यायालयाची वाट लांबची आहे. गुजरातमधल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी, तिथल्या वीज प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. अशा संस्थांना खटल्यांपासून सरसकट संरक्षण नाही असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१९ ला सांगितलं, तरी पुढे खालच्या न्यायालयांत दावा फेटाळलाच गेला. तत्त्व मिळालं, भरपाई नाही. गावाला हे आधी स्पष्ट सांगा, खोटी आशा दाखवू नका.

आता कायद्याची बाजू. माहितीचा अधिकार भारतीय नागरिकालाच आहे, ओसीआयधारकाला नाही. तेव्हा अर्ज गावातला पुतण्या करेल, प्रश्न नेमके कसे विचारायचे ते तुम्ही त्याला लिहून द्या. पैशाच्या बाबतीत फार जपा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी वर्गणी धरली जात नाही, पण तुमची, म्हणजे परदेशी नागरिकाची, धरली जाते. एफसीआरए (विदेशी वर्गणी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या समितीने ती घेतली तर गुन्हा समितीवर दाखल होतो, आणि ज्यांना तुम्हाला मदत करायची होती तेच पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. नातेवाइकाला घरखर्चाला पैसे पाठवायला मुभा आहे. म्हणून भावाच्या खात्यावर टाकून आंदोलनाला वळवायची सूचना कुणीतरी हमखास करतो. ती ऐकू नका. आंदोलनं मोडण्यासाठी सर्वात आधी ‘परदेशी पैसा’ हाच आरोप होतो, तो खरा ठरेल असं काहीही करू नका. गावाने गावच्या आणि मुंबईकर मंडळाच्या वर्गणीवर लढावं. चाकरमान्यांनी गावची देवळं, शाळा, साकव असेच उभे केले आहेत. तुमचा खर्च तुमच्याकडे ठेवा: तिथल्या वकिलाची फी, अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञाचं मानधन, भाषांतर. मंडळ अमेरिकेत धर्मादाय म्हणून नोंदलेलं असेल तर उमेदवाराचा प्रचार अजिबात नको, आणि कायदे बदलण्यासाठीचा पाठपुरावाही मर्यादेतच.

ओसीआयबद्दल ४ मार्च २०२१ ची अधिसूचना वाचून ठेवा. संशोधन आणि पत्रकारितेसाठी ओसीआयधारकाला वेगळी परवानगी लागते. सुट्टीला येऊन कॅमेरा आणि प्रश्नावली घेऊन वाड्यांतून सर्वेक्षण करत फिरलात तर प्रश्न उभा राहू शकतो. कार्ड रद्दही होऊ शकतं, पण त्यासाठी कारण द्यावं लागतं. स्वीडनमधले प्राध्यापक अशोक स्वैन यांच्या प्रकरणात कारणं न देणारा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये रद्द केला होता. हे सगळं घाबरवायला सांगत नाही. न्यू जर्सीत तुम्हाला लिहिण्याचा, भेटण्याचा, निदर्शनं करण्याचा पूर्ण हक्क आहे, तो वापरा. पण तुमच्या गावचे बरेचजण आखातात असतील, त्यांना त्यात ओढू नका. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत बांगलादेशातल्या सरकारविरुद्ध निदर्शनं केली म्हणून ५७ बांगलादेशींना शिक्षा झाली, त्यात जन्मठेपही होती. नंतर माफी मिळाली हे त्यांचं नशीब. आखातातल्यांचं नाव, फोटो, व्हॉट्सॲपचा गट, काहीही बाहेर जाऊ देऊ नका.

गावातल्या दोन तटांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, मला तेच सर्वात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या गटात कोण आहे ते बघा. बहुधा बागायतदार घरांतली, शिकून बाहेर पडलेली मंडळी. कुळं, भूमिहीन, खाडीत जाळं टाकणारे दालदी आणि गाबीत, बौद्धवाडीतली घरं, ही त्या गटात आहेत का? ज्याला तिथे वर्षभर मजुरी नाही, त्याला प्रकल्पाची नोकरी हवीशी वाटणं स्वाभाविक आहे. दूर बसून त्याला विकला गेलेला म्हणणं अन्याय्य आहे, आणि हे मी ठामपणे म्हणते. सिएटलच्या नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. त्या ठरावाला परदेशातल्या भारतीयांनीच पाठिंबा दिला आणि परदेशातल्या भारतीयांनीच विरोधही केला. आपण गावच्या कारभारात न्याय मागत असू तर मंडळाच्या टेबलाशी कोण बसतं आणि कोणाला बोलावणं जात नाही, हे तपासावंच लागेल.

म्हणून निवेदन लिहिण्याआधी गावाला विचारा, आणि एकाच घराला विचारू नका. परदेशात एखाद्या बातमीत गावच्या माणसाचं नाव आलं तर पोलीस त्याच्या दारात जातात, तुमच्या नाही. नाव द्यायचं की नाही हे त्यानेच, घरच्यांशी बोलून ठरवावं. ‘आम्ही गावाच्या वतीने’ असं लिहू नका, ‘आम्ही या गावचे परदेशातले खातेदार आणि नातेवाईक’ असं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

या महिन्यात चार गोष्टी करून मला कळवा: गट नंबर आणि सातबाऱ्याची स्थिती, परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर प्रकल्पाचा अर्ज दिसतो का आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे, अर्जात कंपनीचं आणि सल्लागार संस्थेचं नाव काय दिलं आहे, आणि तुमच्या मंडळात अहवाल वाचायला कोण बसेल. मंजुरी आधीच मिळालेली असेल तर सगळं सोडून ताबडतोब लिहा. हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०, त्यापुढे एकही दिवस मिळत नाही. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, अपील गावातल्यांच्या नावानेच करायचं असतं, आणि कागद जमवण्यातच पहिले पंधरा दिवस जातात.